टाक्यावरचा गोळा ‘इमर्जन्सी’ होईपर्यंत थांबायचं का? – कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार, यांस

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा घटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने दिली आहे. सीमाप्रश्नाचं कोर्टात व्हायचं ते होईल. मला पोटाबद्दल बोलायचं आहे.

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडे बायका म्हणतात, “टाक्यावर गोळा आलाय.” पिशवी काढल्याला किंवा आतड्याच्या ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. खोकलं की गोळा वर येतो, आडवं झालं की आत जातो. फारसा दुखत नाही, मग लुगड्याची गाठ आवळून बिंदगी उचलायची आणि वैरणीचा भाराही. वरची कातडी भरून येते, पण खालचा स्नायूंचा घट्ट पडदा जुळलेला नसतो; त्या फटीतून आतडं पुढे येतं. हाच जखमेवरचा हर्निया. पोट मधोमध उभं चिरलेल्यांत साधारण दहातल्या एकादोघांना तो होतो. जखमेत पू झाला असेल, साखर किंवा वजन जास्त असेल, विडी-सिगारेट किंवा जुना खोकला असेल, तर धोका वाढतो. तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या बाईला “खोकला सांभाळ” म्हणणं सोपं आहे, साहेब.

औषधाच्या गोळ्यांनी किंवा पोटाच्या पट्ट्याने ही फट बुजत नाही. नुसती शिवूनही फारशी टिकत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के, तर फटीला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवल्यावर २४ टक्के रुग्णांना हर्निया परत झाला. म्हणजे जाळी हवी, आणि ती स्नायूच्या मागे नीट बसवणारा हातही. आधी साखर आटोक्यात आणायला आणि विडी सोडायला काही आठवडे द्यावे लागतात. हे सगळं सवडीने करायचं काम आहे.

आणि नेमकी सवडीच्याच ऑपरेशनला अडचण. उपचारांच्या खर्चाला मदत करणाऱ्या राज्याच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत खासगी दवाखान्यात जायला सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. तातडीच्या वेळी लागत नाही. चिठ्ठीसाठी मजुरी बुडवून हेलपाटे कोण घालणार? मग बाई थांबते. एका रात्री गोळा कडक होतो, आत जात नाही, उलट्या सुरू होतात, वारा सरत नाही. आता चिठ्ठी लागत नाही खरी, पण अडकलेलं आतडं काळं पडलं असेल तर कापावं लागतं, आणि तशा पोटात जाळी बसवायलाही सर्जन कचरतो. सरकारचा खर्चही वाढतोच.

म्हणून जखमेवरच्या हर्नियाची शिफारस तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीच्या दिवशीच मिळावी. घरी सोडतानाच्या कार्डावर सीमाभागात कन्नडसोबत मराठीतही लिहावं : ओझं कधीपासून उचलायचं, गोळा दिसला तर कुठे दाखवायचं, कोणत्या लक्षणांना रात्रीच निघायचं. कन्नडला आमचा विरोध नाही. पण आजी वाचणार मराठीच.

आणखी एक, जवळजवळ फुकटातलं. उभा छेद बंद करताना एक सेंटिमीटरऐवजी अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक टाके घातले, तर वर्षभरात हर्निया होण्याचं प्रमाण २१ वरून १३ टक्क्यांवर आल्याचं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. ऑपरेशनला काही मिनिटं जास्त लागतात. जिल्ह्यातल्या सरकारी सर्जनांना हे शिकवण्याचा आदेश आपण काढावा.

आपली,
निपाणी भागातली एक निवृत्त परिचारिका