चित्र बिघडते मुक्कामाच्या खोलीत

संपादक महोदय,

डोंगरातल्या लाकडी खोपटात राहून निसर्गचित्रे काढायची म्हटले की जागा आणि उजेड यांची चर्चा सगळेच करतात. खोपटाचा विचार मात्र कोणी करत नाही, आणि बरीच चित्रे तिथेच हातची जातात.

जलरंगाच्या कागदाला सरस दिलेला असतो, म्हणून रंग वर राहतो. कागद दमट भिंतीला टेकून ठेवला की सरस जागोजागी जातो आणि स्वच्छ आकाशात गडद ठिपके उमटतात. ते काही केल्या निघत नाहीत. म्हणून आधी कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब टिकला तर कागद शाबूत. लगेच जिरला तर त्यावर पेन्सिलीने रेखाटने करावीत. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, भिंतीपासून लांब ठेवावा. रंगाच्या वड्यांचे उलट: ओल्या असताना डबी मिटली की बुरशी धरते, रात्री ती उघडीच असू द्यावी.

अशा हवेत वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, लवकर वाळत नाही. चमक गेली म्हणजे वाळला असे नसते. तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवावी. गार लागली तर आत ओल आहे. त्यावर ओला ब्रश फिरवला की रंग ढकलला जाऊन वेडेवाकडे काठ उठतात. शेगडीजवळ धरण्याची घाईही नको, कागद बाक धरतो.

दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग सुधारू नयेत. तिथे पिवळा फिका दिसतो आणि निळा काळवंडतो. मग आपण गवतात पिवळा ओततो, दूरच्या रांगा उजळत बसतो आणि सकाळी दोन्ही चुकलेले असते. रात्री पेन्सिल पुरे.

तैलरंगवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे. जवसाचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि तापते. ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर ती उष्णता आत कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. लाकडी खोपटात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. टर्पेंटाइन शेगडीपासून दूर ठेवावे, वापरलेले ओढ्यात ओतू नये. गाळ तळाशी बसला की वरचे निवळलेले पुन्हा वापरता येते.

चित्रशिबिरे भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती: सामानाच्या यादीत ब्रशांच्याही आधी हा झाकणाचा डबा लिहा.

आपला,
एक निसर्गचित्रकार