कितीपैकी किती, तेही छापा

महोदय,

कराडमध्ये माझं औषधाचं दुकान आहे. ऊसतोड सुरू झाली की ‘कंबरेची गोळी द्या’ म्हणणाऱ्यांची रीघ लागते. चिठ्ठी क्वचितच असते. खिशातून निघतो तो संपलेल्या पाकिटाचा कापलेला तुकडा, त्यावर औषधाच्या नावाची जेमतेम चार अक्षरं उरलेली. बहुधा ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामकच असतं. चिठ्ठी आणा म्हटलं की गिऱ्हाईक पुढचं दुकान गाठतं.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘वेदनाशामकांनी हार्ट अटॅकचा धोका’ हे ठळक असतं. कितीजणांत कितींना, हे मात्र नसतं. शेकडो चाचण्यांचे आकडे एकत्र करून केलेला अभ्यास २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक, म्हणजे पन्नासच्या तीन गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा झटक्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त. ऐकून धडकीच भरते. तोच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर: हजारजणांनी वर्षभर रोज घेतली, तर एरवीपेक्षा तिघांना जास्त झटका येतो, त्यातला एक दगावतो. दोन दिवस गोळी घेणारा धडधाकट पोरगा बातमी वाचून उगाच घाबरतो. ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, ज्यांचा धोका मुळातच मोठा, ते मात्र बीपीच्या गोळीसोबत हीही बिनधास्त मागतात.

एमआरआयचं तसंच. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, दिसलं की घरात ‘मणक्यात गॅप आलाय’ सुरू होतं आणि माणूस वाकायलाच भितो. २०१५ सालच्या एका आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या लोकांत १०० पैकी ६० जणांना बल्ज होतं. ही ओळ प्रत्येक रिपोर्टाखाली छापली तर माझे कंबरपट्टे पडून राहतील. राहू देत.

उपाय म्हणाल तर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. कामं अडवणारं दुखणं त्यांच्यात साधारण २०८ दिवसांनी उलटलं, बाकीच्यांत ११२ दिवसांनी. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणाऱ्या बाईला ‘चालत जा’ सांगितलं तर ती हसेल, आणि तिचं बरोबरच आहे. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांना बिनपैशाचा याहून बरा सल्ला कुठला?

जाता जाता एक. पुरवणीच्या शेवटच्या पानावर ‘गुडघेदुखी आठवड्यात गायब’ अशी चूर्णाची जाहिरात असते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चेहरा सुजलेली, साखर वाढलेली माणसं नंतर माझ्याच काउंटरवर येतात. ती चौकट काढली तर वर मागितलेल्या आकड्यांना जागा सहज होईल.

— एक औषधविक्रेता, कराड (जि. सातारा)