खिडकीचे तिकीट, भिंतीची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या पुरवणीत नव्या गाड्यांचे गोडवे गाणारा पानभर लेख वाचला. ‘जागतिक दर्जा’, ‘विमानासारखा प्रवास’ वगैरे. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटले की खिडकीबद्दलचा परिच्छेद माझ्याच नजरेतून सुटला असावा. दुसऱ्यांदाही सापडला नाही. दरवाजे आपोआप उघडतात, पडद्यावर पुढचे स्टेशन दिसते, हात पुढे केला की नळाला पाणी येते. सगळे मान्य. पण खुर्चीशेजारी खिडकी असते की नाही, याबद्दल लेखकमहाशय अवाक्षर काढत नाहीत. त्यांना बहुधा मिळाली असावी.

आमच्या आत्याला नाही मिळाली.

गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हल्ली गाड्यांनाही भक्त असतात, आणि मला उत्तरादाखल येणारी पत्रे वाचायची नाहीत. पुण्याहून मुंबईला जाणारी एक गाडी, तिचा वातानुकूलित चेअर कारचा डबा, एवढे पुरे. पुणे-मुंबई करणारे काय ते ओळखतील.

आत्या साताऱ्याची, ऐंशीच्या घरातली. दादरला तिच्या धाकट्या जावेकडे तिला पोचवायचे होते. माझा भाऊ गाडी काढतो म्हणाला, पण हिचा हट्ट एकच, “आगगाडीनं नेणार असशील तरच येते. पावसातला घाट बघायचाय मला एकदा.” लग्नानंतर काही वर्षे ती दादरला होती. तेव्हा दर पावसाळ्यात माहेरी येताना खिडकीतून हात बाहेर काढून तळवा भिजवायचा हा तिचा कार्यक्रम असे. आता काच उघडत नाही हे मी तिला आधीच सांगून ठेवले होते. “नसू दे, दिसंल तरी,” म्हणाली. म्हणून मी आरक्षण सुरू झाल्याबरोबर तिकीट काढले, पसंतीच्या रकान्यात ‘विंडो’ निवडले आणि मिळालेही. डब्यात चढल्यावर क्रमांकासमोर खिडकीची खूणही होती.

फक्त खिडकी नव्हती.

म्हणजे काय होते ते सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटते मी वाढवून सांगते आहे. आत्याच्या खांद्यापासून कपाळापर्यंत राखाडी प्लास्टिकचा सपाट पत्रा. त्यावर कोट अडकवायचा एक हूक आणि दोन स्क्रू, त्यातल्या एकाचे टोपण गायब. मागच्या खिडकीची कड मान पूर्ण वळवली तर दिसायची. पुढची खिडकी पुढच्या रांगेच्या मालकीची, तिचा आमच्या वाट्याला आलेला तुकडा वहीच्या पुठ्ठ्याएवढा. आत्याने आधी तो पत्रा हाताने चाचपून पाहिला, बहुतेक तो सरकतो असे वाटून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, एवढे पैसे मोजून भिंतीकडं तोंड करून बसायचं व्हय? ते घरी फुकट होतं की.”

आजूबाजूचे हसले. मलाही हसू आले असते, पण तिकीट मी काढले होते.

लोणावळा मागे पडले तसे मी पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना म्हटले, आजींना घाट बघायचा आहे, तेवढा पडदा वर ठेवाल का. त्यांनी कानातले यंत्र न काढता लॅपटॉपकडे बोट दाखवले. “मॅडम, मीटिंग चालू आहे, स्क्रीनवर उजेड येतो.” पडदा खाली. आता खंडाळ्याच्या पुढे बोगद्यांमागून बोगदे असतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भोर घाटात आहेतच २८. पहिल्या बोगद्यात त्यांची मीटिंग तुटली, ती कर्जतपर्यंत काही जुळली नाही. गृहस्थ गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसले, पण पडदा तसाच. त्यांच्याशी भांडण काढणार होते, आत्यानेच माझा हात दाबला.

वर दैवदुर्विलास असा की घाट उतरताना गाडीला कॅच सायडिंगपाशी, म्हणजे ब्रेक न लागलेल्या गाडीला अडवायला चढावर काढलेल्या आडव्या रुळापाशी, थांबावेच लागते. ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री पटली की मगच पुढचा रस्ता मिळतो, नाहीतर काटे गाडीला चढाच्या बाजूला नेऊन जिरवतात. व्यवस्था उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तर गाडी थांबली. पलीकडच्या रांगेतली पोरे उठून आमच्या अंगावरून वाकून, पुढच्या फटीतून, “धबधबा, धबधबा” करत फोटो काढू लागली. आत्या त्या हुकाकडे बघत होती.

आता हे असे का होते, ते ज्याला दोन डोळे आहेत त्याला कळते. डब्याच्या सांगाड्यात खिडक्यांचे अंतर एक ठरलेले, आत खुर्च्यांच्या रांगांचे अंतर दुसरेच. एलएचबी या जर्मन बनावटीच्या चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशा ७८ खुर्च्या बसवायच्या असतात. रांगा सरकत सरकत कुठे काचेसमोर येतात, कुठे दोन काचांमधल्या पत्र्यासमोर. स्लीपरच्या डब्यात हा घोळ नाही, कारण तिथे कप्प्यागणिक खिडकी. खुर्च्यांच्या डब्यातही तो टाळता येणार नाही, असे मला कुणी पटवून द्यावे. आणि वंदे भारत बाहेरून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्याभोर काचेचा अखंड पट्टा. फलाटावर उभे राहून बघणाऱ्याला वाटेल आत नुसता उजेडच उजेड असणार. पट्टा फलाटावरच्यांसाठी आहे. आतल्यांना काचेमागचे खांब आहेत.

बरे, डबे आखणारे लोक प्रवाशांचे ऐकत नाहीत असेही नाही. २०२३ साली प्रवाशांच्या सूचनांवरून वंदे भारतच्या डब्यांत २५ सुधारणा झाल्या, त्याची यादी तेव्हा वर्तमानपत्रांतून आली होती. मी ती भक्तिभावाने वाचली होती. खुर्चीची पाठ पूर्वी १७.३१ अंशांत मागे जायची, ती १९.३७ अंशांत जाऊ लागली. दोन अंश! त्या दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवर कुणीतरी किती रात्री जागून काढल्या असतील. हात धुताना पाणी अंगावर उडते म्हणून बेसिन खोल केले, खुर्चीखालचे चार्जिंगचे सॉकेट हाताला येईल असे केले (पूर्वी त्यासाठी शेजाऱ्याच्या पायाशी लोटांगण घालावे लागे), पडद्याचे कापड बदलले. पडद्याचे कापड! म्हणजे खिडकीपर्यंत येऊन पोचले होते हो. खिडकी आहे की नाही हे तेवढे बघायचे राहिले.

पासवाल्या मंडळींना अर्थात सगळे ठाऊक असते. आमच्या सोसायटीतल्या एका पासवाल्याने मला नंतर मोठ्या आपुलकीने सांगितले की कुठल्या डब्यात कुठल्या क्रमांकाला भिंत येते याची यादीच त्यांच्या ग्रुपवर फिरते. “आधी विचारायचं ना ताई!” का विचारायचे? नाट्यगृहात खांबाआडची खुर्ची देताना बुकिंगवाला निदान “चालेल का?” एवढे तरी म्हणतो. इथे पसंती विचारतात, खिडकी दिली म्हणून सांगतात, आणि खुर्चीसमोर पत्रा देतात. आरक्षणाच्या वेळी त्या क्रमांकासमोर ‘खिडकी नाही’ असे दोन शब्द टाकायला डबा नव्याने बांधावा लागत नाही. ज्यांना झोपायचे असते किंवा मीटिंगा करायच्या असतात, ते आनंदाने त्या जागा घेतील. आमच्या पुढचे गृहस्थ तर नक्की.

यावर ठरलेले उत्तर मला माहीत आहे. दृश्यच बघायचे तर व्हिस्टाडोमने जा. २०२१ पासून पुणे-मुंबई मार्गावर तो डबा आहे, मोठाल्या काचा, काचेचे छप्पर, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. पण घाट काही त्या डब्याबरोबर आलेला नाही, तो १८६३ पासून तिथे रेल्वेसकट आहे, आणि इतकी वर्षे तो साध्या तिकिटावर दिसत होता. आता मात्र खिडकीबाहेर बघणे हा वेगळ्या दराचा पदार्थ झाला. माझ्या मते हीच खरी मेख आहे. वेग आणि गारवा दिला की प्रवाशाला बाहेर बघायचेच नसते, असे कुणीतरी ठरवून टाकले आहे. त्यात डब्यातल्या निम्म्या खुर्च्यांची तोंडे उलटी, म्हणजे जे दिसते तेही मागे पडलेले.

अजून एक. भिंतीवर आणीबाणीची सूचना असते, लाल खुणेच्या खिडकीची काच हातोडीने फोडून बाहेर पडा. आत्याने मला ती मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, “मग आपण कुठनं पडायचं?” मी म्हटले, पुढच्या काकांना विचारून. तिला ते पटले नाही.

नळाचेही सांगून टाकते. नव्या गाड्यांत हात धरला की पाणी येते म्हणून आपल्या लेखकांनी कौतुक केले आहे. बाकीच्या शेकडो गाड्यांत अजूनही तो दाबून धरायचा नळ आहे. एका हाताने दाबून धरायचा, दुसरा हात त्याखाली धरायचा, आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळायची वेळ आली की पाणी बंद. आत्याचे हात मी धुवून दिले, माझे कुणी दिले नाहीत. पाणी वाचते म्हणतात. वाचत असेल, हातच धुतले जात नाहीत तर वाचणारच.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. कालच्या लेखासोबतच्या छायाचित्रात डोक्यावर काच दिसते आहे आणि बाहेर हिरवागार डोंगर. खाली ओळ आहे ‘आधुनिक गाडीतून दिसणारा घाट’. तो व्हिस्टाडोमचा डबा आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. यापुढे अशा छायाचित्राखाली डब्याचा वर्ग आणि तिकिटाचा दर छापत चला. आणि हे पत्र छापणार असाल तर कृपया नळाचा परिच्छेद कापू नका. मागच्या वेळी फलाटाच्या उंचीबद्दल लिहिलेल्या माझ्या पत्रातली उंचीच आपण कापली होती, आणि उरलेल्या मजकुराला ‘प्रवाशांनी शिस्त पाळावी’ असा मथळा दिला होता.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे