विषय: लाइन फिलची सेटिंग तुम्ही उडवली, मेन लाइन आमची फुटली

आत्ता तुमच्या कस्टमर केअरचा चौथा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. श्रीनगरचा गोल्फ कोर्स, पंप स्टेशन आणि पॅनल दोन्ही तुमचंच, ते कसं चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये तुमच्या इंजिनिअरने पॅनलचं कार्ड बदललं, त्यात लाइन फिलची, म्हणजे रिकामी लाइन हळूहळू भरायची, सेटिंग उडाली, वर पासवर्ड टाकून गेला. नोव्हेंबरमध्ये आम्ही कॉम्प्रेसर लावून एकेका होलची लाइन कोरडी हवा येईपर्यंत फुंकून काढली होती, चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीचे, 40 दिवस पाइप रिकामे होते.

परवा पाणी सोडलं. छोट्या पंपावर, 3 किलो प्रेशरला, टोकाचे कपलर (पाणी घ्यायची तोंडं) आणि चढावरचे एअर व्हॉल्व उघडे ठेवून. दोन तास लाइनने तग धरला, मी स्वतः सगळे होल चालत फिरलो, कुठे ओल नाही. हवा अजून फसफसत निघतच होती तेवढ्यात मोठा पंप आपोआप सुरू झाला आणि काटा थेट 8 वर. सातव्या फेअरवेवर उभा होतो, दणका पायाला जाणवला आणि जमिनीतून गढूळ पाणी उसळलं. पोरांनी गारठलेल्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून पाइपच्या वळणाची एल्बो काढली, उभी फाटलेली. फोटो जोडलाय.

आता तुमचा माणूस फोनवर काय म्हणाला ते ऐका. "सर किती एकर, पीक कोणतं?" म्हटलं गोल्फ कोर्स आहे. "हां म्हणजे लॉन." मग म्हणतो, "फुल प्रेशरने भरून टाका सर, एक दणका बसला की हवा आपोआप निघते." अहो त्या दणक्यानेच फुटली ना! भरताना पाण्याचा वेग सेकंदाला 2 फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे, मी त्याला वाचून दाखवलं तर म्हणे "सर ते पुस्तकातलं झालं." पुस्तक कोणी छापलं? आणि शेवटी काय, "बर्फाने फुटली असेल, वॉरंटीत बसत नाही." बर्फाने फुटली असती तर 3 किलोला दोन तास टिकली असती का? पाणीच नव्हतं तर गोठलं काय? हेच मी चारही फोनवर सांगितलं, चारही वेळा नवीन माणूस, चारही वेळा "किती एकर" पासून सुरुवात.

तासगावला आमच्या द्राक्षबागेत वडिलांनी तुमचंच ठिबक घातलंय, 15 वर्षं झाली. इथे कमिटीपुढे तुमचं नाव मीच लावून धरलं होतं, त्याचं फार वाईट वाटतंय.

पासवर्ड आजच पाठवा, एल्बो आणि खोदाईचा खर्च द्या, आणि ज्याला लाइन फिल म्हणजे काय ते माहितीये असा माणूस या आठवड्यात इथे हवा. तोपर्यंत एएमसीचा, वार्षिक देखभालीचा, चेक थांबवलाय. मोठ्या पंपाचा फ्यूज मी काढून ठेवलाय, ग्रीन्सना आम्ही टँकरने पाणी देतोय.