दत्तास पत्र: मॅगझीन संपल्यावर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. पटकथा वाचली. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिली सहा मिनिटं गावचं घर, चूल, आईचा निरोप. काढून टाक की सगळं. 'पात्रं उभीच राहत नाहीत' असं कुणी म्हणेल, ही तुझी धास्ती कळते. पण तुझा नायक, मराठा लाइट इन्फंट्रीतले नाईक (हुद्दा) यशवंत घाडगे कसे होते ते चुलीपाशी कळायचं नाही. १० जुलै १९४४ ला इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात त्यांनी जे केलं त्यातच ते दिसतात. वेग ठेव, फक्त कुठं थांबायचं ते चुकवू नको.

त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले. ते एकटे धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर दोन्ही गप्प केले, टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, आणखी एकाला पाडलं. मॅगझीन (बंदुकीतली गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणून मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागून जर्मनांच्या त्याच मोर्चात पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

'मॅगझीन बदलायला वेळ नव्हता' हे तू एका ओळीत उरकलंस. अख्खी फिल्म तिथंच आहे मर्दा! टॉमीगनचा वेग मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्या. वीस गोळ्यांचं मॅगझीन बोट दाबून धरलं तर दोन सेकंदांत रिकामं. बदलायचं म्हणजे कॅच दाबा, रिकामं ओढा, पाऊचचं बटण काढा, भरलेलं बसवा. धावताना, घामेजल्या हातांनी, चार-पाच सेकंद सहज जातात, आणि समोरचे दोघं हाताच्या अंतरावर. हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक पाहिजे. म्हणून सुरुवातीला, गोळीबार नसताना, मॅगझीन बदलण्याची सगळी क्रिया एकाच शॉटमध्ये, न कापता दाखव. कुणी काही बोलायचं नाही. पुढं लढाईत नुसता 'खट्' आवाज आला की लोक आपणच समजून घेतील. तिथं चेहऱ्यावर पूर्ण दोन सेकंद, म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम थांब: नजर बंदुकीवर, मग त्या दोघांवर. आजूबाजूचे शॉट दहा-पंधरा फ्रेमचे असले तरी चालतील.

ग्रेनेडचंही तसंच. छत्तीस नंबरच्या मिल्स ग्रेनेडचा फ्यूज चार सेकंदांचा. आपल्या सिनेमांत फेकला की लगेच धडाम आणि पेट्रोलचा जाळ. खऱ्या ग्रेनेडला जाळ जवळपास नसतोच, धूळ आणि धूर उडतो. ते चार सेकंद कापू नको, वेगवान फिल्ममध्ये श्वास घ्यायला तेवढीच जागा असते. आणि थर्माकोलचा ग्रेनेड देऊ नको. खरा पाऊण किलोचा, हलका दिला की नटाचा खांदा खोटं बोलतो. प्लॅस्टिकच्या कवचात वाळू-प्लास्टर भरून वजन कर. बंदूकही पाचेक किलोची, लाकडी डमीत लोखंडी पट्टी घाल. मात्र दस्त्यानं मारायच्या शॉटला फोमचीच वापर, नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटेल.

सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. मराठे कायम पडद्याच्या डावीकडून उजवीकडं, जर्मन उलट. अक्ष, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी मनातली रेषा, कॅमेऱ्यानं ओलांडायचाच असेल तर मधे एक शॉट थेट रेषेवरून, समोरून घे. शिवाय दर पाऊण मिनिटाला मोर्चा आणि सेक्शन दोन्ही दिसतील असा एक वाइड शॉट. तो नसला की लोकांना वेग वाटत नाही, गोंधळ वाटतो, आणि शिव्या मात्र 'पात्रं नाहीत' म्हणून बसतात.

सेक्शन दहा जणांचा. हेल्मेट घातल्यावर दहाही सारखे. तिघांनाच ओळख दे: घाडगे, ब्रेनगनवाला (हलकी मशीनगन चालवणारा) आणि त्याची मॅगझीनं वाहणारा जोडीदार. पहिल्या मिनिटात एकमेकांना नावानं हाक मारू दे. रेजिमेंटची घोषणा एकदाच, धावतानाच. चार वेळा ऐकवलीस तर जत्रा होईल.

कॅमेऱ्याच्या शटरचं थोडक्यात: एरवी १/५० सेकंद, फक्त धावण्याच्या वेळी १/२००, म्हणजे हालचाल तुटक दिसते. सगळीकडं लावलास तर डोकं दुखतं. आवाजात, लांबून आलेली गोळी आधी कानाशी फटकन जाते, बंदुकीचा बार मागून येतो. दोनशे मीटरवर पाव सेकंदाहून थोडा जास्त फरक पडतो, तेवढा ठेव. संगीत नको.

जागेसाठी खानापूरकडची लाल माती टाळ. खाकी गणवेश आणि चेहरे तांबूस होतात, नंतर कलर ग्रेडिंगमध्ये कातडीचा रंग सुटा करणं अवघड. जुलैची इटली म्हणून जुलैत शूटिंग लावू नको, आपल्याकडं तेव्हा सगळं हिरवंगार आणि चिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये येळ्ळूर गडाच्या उतारावर गवत वाळलेलं असतं, ते बघ. डमी बंदुका असल्या तरी पोलीस स्टेशनला आधी लेखी कळव, गडासाठी काय परवानगी लागते तेही विचारून ठेव, आणि कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, बाजूला कॅमेरा काढूच नको.

नवा खर्डा झाला की धाड. त्यात प्रत्येक शॉटपुढं फ्रेम लिही, नुसतं 'फास्ट कट' नको.

तुझा,
सुऱ्या