सातबारा आपल्याच नावावर

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कंपनी पैसे देत होती, मग सही का नाही केलीस?" मी विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहिते.

त्या म्युझिक कंपनीला आपलं पाटाच्या पाण्याचं गाणं एकरकमी हवं होतं. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, तिन्ही, कायमचं. रक्कम चांगली होती, खोटं सांगत नाही. पण उद्या मलाच ते गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं झालं, तर त्यांची परवानगी घ्यावी लागली असती. मखमलाबादची द्राक्षबाग तुम्ही कितीदा व्यापाऱ्याला दिलीत, पण माल दिलात. सातबारा कधी दिला नाहीत, पैसे बुडाले त्या वर्षीसुद्धा नाही. माझ्या गाण्याचा सातबारा म्हणजे कॉपीराइट. शब्दांवर आणि चालीवर तो लिहिणाऱ्याच्या हयातभर आणि पुढे ६० वर्षं राहतो. २०१२ साली कायदा बदलला, तेव्हापासून कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. त्या करारात तोही सोडल्याचं कलम होतं. ते टिकलं नसतं, असं वकीलबाई म्हणाल्या. पण मालकी गेलीच असती.

तुम्ही नेहमी विचारता ते पैशाचंही सांगते. ॲपवर कुणी एकदा गाणं ऐकलं, तर माझ्या हाती रुपयासुद्धा येत नाही, रुपयातले काही पैसेच येतात. घरभाडं निघतं ते शिकवण्यांतून आणि कार्यक्रमांतून. यंदा तीन महिने ओढाताण झाली. तुम्हाला कळवलं नाही, ते चुकलंच.

एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग नुसती बोडकी दिसायची. मी लहानपणी रडायचे, तेव्हा तुम्ही काडीवरचा डोळा दाखवून सांगायचात की यातून नवी काडी फुटेल, घड तिच्या डोळ्यांच्या आत तयार होईल, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर येईल, तोवर काडी सांभाळायची. हल्ली पहाटे रियाजाला बसले की ते आठवतं. कुसुमाग्रज स्मारकात मी गायले, तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेत उभे होतात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. त्या दिवसाच्या बळावर मी अजून गातेय.

आई, सही न करण्याचं मोठं कारण तू आहेस. "पाट आला दारी, माझी माहेरची वाट" ही ओळ तुझी. दळण निवडताना तू ती आपल्याच मनाने रचलीस. तिच्यावरच गाणं उभं आहे, ती तुला न विचारता मी कुणाला विकणार? आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, रेडिओवर, कार्यक्रमांत गाणं वाजलं की रॉयल्टी गोळा करून देते. तिथे गाणं नोंदवताना कुणाचा किती वाटा ते भरायचं असतं. गीतकार म्हणून माझ्या नावाबरोबर तुझं नाव घालणार आहे, शब्दांचा निम्मा वाटा तुझा. त्यासाठी तुलाही सभासद व्हावं लागेल. "माझं कसलं नाव?" असं म्हणू नकोस.

बाबा, आईच्या पॅन कार्डाचा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. पॅनवर तिचं नाव माहेरचं आहे की सासरचं, तेही बघून ठेवा. दसऱ्याला येतेय, सही तेव्हा घेईन.

तुमची,
माई