शेतीच्या पानावर अळीचे पूर्ण नाव छापा

संपादक महोदय,

खरिपात शेतीच्या पानावर ‘मक्यावर लष्करी अळी’ आणि ‘सोयाबीनवर लष्करी अळी’ अशा बातम्या एकाच आठवड्यात येतात. वाचणाऱ्याला वाटते, कीड एकच. मराठवाड्यात मात्र या नावाखाली निदान तीन किडी चालतात. पूर्वापार ज्वारीवर येणारी ती मिथिम्ना सेपरेटा. 2018 मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि पुढे आपल्या मक्याच्या पोंग्यात ठाण मांडून बसली ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. सोयाबीनच्या पानांची जाळी करणारी ती स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे पुस्तकातली तंबाखूवरील पाने खाणारी अळी.

उलटा प्रकारही आहेच. हरभऱ्यावरची घाटेअळी, तुरीची शेंग पोखरणारी हिरवी अळी, कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी ही सगळी हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या एकाच किडीची नावे. कपाशी-तुरीवर पोसलेली तिची पिढी रब्बीत शेजारच्या हरभऱ्यावर उतरते. बातमीत प्रत्येक पिकाला वेगळे नाव छापल्याने हा संबंध शेतकऱ्याच्या लक्षातच येत नाही.

यात थेट पैसा बुडतो. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाच्या गोळीला, त्या-त्या जातीच्या मादीचा गंध असतो, त्यामुळे त्याच जातीचे नर पतंग येतात. हेलिकोव्हर्पासाठी हेलील्यूर, गुलाबी बोंडअळीसाठी, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएलासाठी, गॉसिप्ल्यूर, स्पोडोप्टेरा लिट्युरासाठी स्पोडोल्यूर. दुकानात नुसते ‘बोंडअळीचे ल्यूर द्या’ म्हटले आणि हेलील्यूर हातात पडले, तर हेक्टरी 5 सापळे लावूनही गुलाबी बोंडअळीचा पतंग त्यात येणार नाही. सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की उपाय करायचा, ही मोजणी मग शून्यावरच राहते. शेतकरी निर्धास्त असतो आणि बोंड आतून किडत जाते. अळ्यांना रोग पाडून मारण्यासाठी फवारतात त्या विषाणूचेही तसेच. एचएएनपीव्ही हेलिकोव्हर्पापुरता आहे. सोयाबीनवरच्या लिट्युराला एसएलएनपीव्ही लागतो. योग्य विषाणू मिळाला तरी तो अळ्या लहान असताना आणि संध्याकाळीच फवारावा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निष्प्रभ होतो.

कार्ल लिनियसने वनस्पतींसाठी 1753 मध्ये आणि प्राण्यांसाठी 1758 मध्ये रूढ केलेली दोन शब्दांची पद्धत अशा वेळी कामाला येते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा; दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते. लिट्युरा आणि फ्रुजिपर्डा दोघी स्पोडोप्टेरा आहेत एवढे कळले की त्यांच्या सवयींचाही अंदाज येतो. दोघींच्या माद्या अंडी पुंजक्याने घालून वर केसाळ आवरण देतात. म्हणून ‘अंडीपुंज वेचून नष्ट करा’ हा सल्ला त्यांना लागू पडतो. हेलिकोव्हर्पाची मादी एकेक अंडे सुटे घालते. हरभऱ्यात पुंज शोधायला मजूर लावले, तर दिवसाची मजुरी फुकट जाईल.

शास्त्रीय नावे बदलतात, मग ती छापून काय उपयोग, असे काहींना वाटते. बदल होतो तो बहुधा पहिल्या शब्दात. 1965 मध्ये हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली गेली, म्हणून जुन्या पुस्तकात हीच कीड हेलिओथिस आर्मिजेरा दिसते. आर्मिजेरा तसेच राहिले. जुने पुस्तक चाळताना दुसऱ्या शब्दावर बोट ठेवावे. प्राण्याच्या नावापुढे पहिले वर्णन करणाऱ्याचे आडनाव कंसात असेल, तर त्या जातीची प्रजाती नंतर बदलली आहे, एवढाच त्या कंसाचा अर्थ.

रोमन लिपीत ही नावे पहिले अक्षर मोठे ठेवून तिरप्या ठशात छापतात; देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत आणि तिरपा ठसा वाचवत नाही. तेव्हा बातमीत पहिल्या उल्लेखाला दोन्ही शब्द ठळक छापावेत, पुढे ‘स्पो. लिट्युरा’ चालेल. नुसते ‘स्पोडोप्टेरा’ छापू नये, त्याने दोन किडींचा घोळ तसाच राहतो. ओळख पटली नसेल तर ‘स्पोडोप्टेरा, जात अनिश्चित’ असे सरळ लिहावे. शास्त्रीय लेखनातही हीच रीत आहे.

छायाचित्राचीही तपासणी व्हावी. रंगावर जाऊ नये: हेलिकोव्हर्पाची अळी हिरवी, तपकिरी, कशीही असते आणि गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढरी असते. भिंगातून पाहावे. फ्रुजिपर्डाच्या डोक्यावर फिकट रंगात इंग्रजी ‘वाय’ उलटा दिसतो, आणि शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. मिथिम्नाला ही चौकट नसते.

शंका राहिली तर बातमीदाराने नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात दाखवावा. आधी जिवंत अळीचा फोटो घ्यावा, कारण नंतर रंग उडतो. मग अळी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. थेट अल्कोहोलात टाकली तर ती काळी पडते आणि खुणा दिसत नाहीत. बाटलीतच पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी, पेनाची शाई विरघळते. चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, पीक आणि अळी झाडाच्या कोणत्या भागावर होती ते लिहावे.

आपला,
कीटकशास्त्राचा एक अध्यापक, परभणी